तांबड्या दिव्याचं कारण

ताईच्या अर्जावर तांबडा दिवा लागला तेव्हा कारणवाल्याने आधी चष्मा पुसला. दिवा तांबडाच होता.

घरवाटप कचेरीत कुणाला घर द्यायचं हे तळघरातलं यंत्र ठरवायचं. हिरवा म्हणजे हो, तांबडा म्हणजे नाही. यंत्राला बोलता येत नसल्यामुळे 'का' ते हा लिहायचा. अर्ज चाळायचा, माणसाची खोट शोधायचा आणि ती सभ्य भाषेत मांडायचा. खोट सापडली नाही, असं कधी झालं नव्हतं. नकार मिळालेला एक शिक्षक तर आभार मानायला आला होता. "बायको इतकी वर्षं हेच सांगत होती," तो म्हणाला, "पण तुम्ही समजावून सांगितलंत."

पण ताई? नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती लेकीला घेऊन याच्याच हॉलमध्ये झोपत होती. स्वतःचं घर झालं तरच लेक तिच्याकडे राहील, असं कोर्टाने बजावलं होतं.

यंत्र उगाच नाही म्हणणार नाही. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळी तो ताईवर नजर ठेवून बसला. ती फोन पालथा ठेवत होती. मध्येच बाल्कनीत जाऊन हळू बोलून आली.

"कोण होतं?"

"दातांचे डॉक्टर."

"मग एवढं हळू?"

"दात दुखतोय रे. ओरडू का?"

उत्तर जरा जास्तच तयार होतं.

सकाळी त्याने कारण लिहिलं : 'अर्जदाराच्या वागण्यात पारदर्शकता आढळत नाही.' वाक्य झकास उतरलं होतं.

ताईने ते वाचलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. "हे तू लिहिलंस?"

"मी फक्त कारण लिहितो. ठरवतं यंत्र."

"यंत्राचं राहू दे. तुला असं वाटतं?"

त्याने पुन्हा चष्मा पुसायला घेतला. ताईने लेकीची बॅग भरली, तिला बापाकडे पोचवलं आणि स्वतः मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना काही बोलली नाही. हेही संशयास्पदच होतं.

तरी त्याला चैन पडेना. शेवटी तो तळघरात मेकॅनिककडे गेला.

"एवढंच सांग, ताईने नेमकं काय लपवलंय? यंत्राला दिसलं असेल ना."

मेकॅनिकने दार लोटून घेतलं.

"यंत्र केव्हाच जळालं, साहेब. तुमचा दिवा लिफ्टच्या वायरीवर आहे. लिफ्ट वर गेली की हिरवा, खाली आली की तांबडा."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होतो," मेकॅनिक म्हणाला. "पण तुमची कारणं वाचली की आम्हालाच वाटायचं, चालू झालं असेल."