चिठ्ठी परत पिशवीत

राहू गावच्या समाजमंदिरात मी चाळीस बायकांचं रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिनचे आकडे कॉम्प्युटरवर भरले. प्रोग्रॅमचं काम चिठ्ठ्या काढल्यासारखं असतं. एक बाई निवडायची, तिचा आकडा टिपायचा आणि चिठ्ठी परत पिशवीत टाकायची, असं चाळीस वेळा; मग त्या चाळीस आकड्यांची सरासरी. हा खेळ हजारदा झाला की पडद्यावर पट्टी उमटते; गावाची सरासरी कुठून कुठवर असेल, ते ती सांगते.

प्रोग्रॅम पुन्हा चालवला की पट्टी थोडी हलतेच. आज मात्र ती दर वेळी आखूड होत गेली. पाचव्यांदा नुसता ठिपका उरला, ९.२ वर.

यादीत ९.२ एकट्या धुरपदाबाईंचा होता. म्हणजे प्रत्येक चिठ्ठी त्यांचीच निघाली होती.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि लोहाच्या गोळ्या वाटायला घेतल्या.

“धुरपदाबाई.”

हिरव्या लुगड्यातल्या धुरपदाबाई बोटावर कापूस दाबत आल्या, गोळ्या घेऊन गेल्या.

“पार्वतीबाई.”

धुरपदाबाईच आल्या.

“मावशी, तुम्ही आत्ताच नेल्या की.”

“न्हाई ताई. माझा लंबर आत्ता लागला.”

त्या हात पसरून उभ्याच राहिल्या. तिसरं नाव मी घेतलंच नाही. तरी बाहेरून त्यांचाच आवाज आला, “आले की, ताई.”