मधल्या सीटवरचा दिवा

छायानं मधल्या सीटवर गुडघे टेकले आणि सुरीचं टोक जीपच्या छतातल्या दिव्याच्या झाकणाखाली घातलं. झाकण टक्कन निघून तिच्या मांडीवर पडलं.

लोणारचा बाजार उठत होता. तिचा नवरा गोपाल आणि सासरे नारायणराव रिकामे क्रेट गोळा करत होते. शेजारी भाजी विकणारी बनाबाई जीपच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं छायाच्या खांद्याला हात लावला. छाया वळल्यावरच ती बोलली.

"काय करून राह्यली वं?"

छायानं तिचे ओठ वाचले. तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून तिला असंच ऐकावं लागे.

"बल्ब बदलून राह्यली. हा पिवळा लावला तरी गाडीत कोणाचं तोंड दिसत नाही."

घरातलं सगळं परतीच्या वाटेवर ठरायचं. तोवर अंधार पडलेला असायचा. पुढे-मागे डोकी हलायची, हात हलायचे, कोणी हसायचं. छायाला दुसऱ्या दिवशी कळायचं, "काल गाडीत ठरलं." कान होते तेव्हा तिला विचारल्याशिवाय वांग्याचं रोपसुद्धा येत नव्हतं.

तिनं जुन्या बल्बची काळवंडलेली काचेची नळी ओढून काढली. तेवढ्याच लांबीचा एलईडी दोन चिमट्यांत बसवला आणि बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. नाही. बनाबाईनं मान हलवली. छायानं तो काढला, बॅटरीतला सेल उलटा पडल्यावर फिरवतात तसा फिरवला आणि पुन्हा चिमट्यांत दाबला.

लख्ख झालं. सीटच्या शिवणी दिसल्या, खाली सांडलेली मेथीची पानं दिसली. बनाबाईनं हसता हसता तोंडावर हात ठेवला.

"माय वं! माह्ये मिसरीचे दातबी दिसून राह्यले!"

"दिसू द्या," छाया म्हणाली.

बाजारातून गाडी निघाली तेव्हा दिवस बुडाला होता. गाडी दीर शेखर चालवत होता. डोळ्यांवर उजेड आला तसा त्यानं आरसा वर केला. नारायणराव त्याच्या शेजारी, मागे वळून गोपालशी बोलत होते. गोपाल छायाच्या बाजूला होता. छाया सासऱ्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. काही शब्द निसटत होते, पण बाकीचे हाती लागत होते.

"... विहिरीजवळचं वावर ठोक्यानं देऊन टाकू. सोनोने मागून राह्यला, वर्साचे पैसे एकदम देतो म्हणते. सकाळी हो म्हणून सांगतो."

गोपालनं मान डोलावली. "हाव. तुम्ही म्हणसान तसं."

"ते वावर द्याचं नाही," छाया म्हणाली.

आपला आवाज किती मोठा निघाला हे तिला कळलं नाही. शेखरचा पाय ब्रेकवर गेला. गोपाल तिच्याकडे बघतच राहिला.

नारायणरावांचे ओठ हलले. "तुले कोनं सांगतलं?"

"तुम्हीच. आत्ता."

नारायणरावांनी छतातल्या दिव्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"काऊन नाही द्याचं?"

"पाणी तेवढ्याच वावराले हाय, मामंजी. बाकीचं सारं कोरडवाहू. ते दिलं तर उन्हाळ्यात बाजारात काय घेऊन बसाचं आपण?"

गोपाल काही बोलायला गेला. छायानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नजर सासऱ्यांवरून काढली नाही.

पुढून शेखर काहीतरी म्हणाला असावा, कारण गोपाल हसला. छायानं दिराच्या खांद्यावर टिचकी मारली.

"भावजी, तुम्ही रस्त्याकडं पाहा. तुमचं घरी ऐकीन मी."

आता नारायणरावही हसले. मग ते पुन्हा समोर वळले. उघड्या काचेतून गार वारा येत होता, म्हणून त्यांनी दुपट्टा तोंडाभोवती गुंडाळला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी तो सोडला, दोन्ही सीटच्या मधून मागे वाकले आणि चेहरा नीट उजेडात आणला.

"हं," ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सांग मंग. काय लावाचं तिथं?"