पहिल्या बुधवारचा भोंगा

"खिडकीकडे पाठ करून बस," ओटाकरने हातांनी बजावलं. "आणि मागे वळायचं नाही. लबाडी चालणार नाही."

हेडविकाने हसत खुर्ची फिरवली आणि मांजर मांडीवर घेतलं. ती जन्मापासून बहिरी. एकतीस वर्षं बापाच्या, म्हणजे ओटाकरच्या, घरी काढली, आणि आता गावात ही दोन खोल्यांची जागा तिने भाड्याने घेतली होती. अर्धं सामान अजून खोक्यांतच होतं. ओटाकरचं म्हणणं एकच. अणुवीज केंद्राचे मनोरे इथून दिसतात. उद्या काही झालं, भोंगा वाजला, तर हिला कोण सांगणार? म्हणून पैज लागली होती. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंग्यांची चाचणी होते. भोंगा वाजलेला तिला आपलं आपण कळला नाही, तर खोकी परत घरी.

"आणि कळला तर?"

"तर राहा. पडदेसुद्धा मीच लावून देतो."

पडदे लावायची वेळ येणार नाही अशी त्याला खात्री होती. खात्री कसली, आशाच ती. बायको गेल्यापासून घरात दोघंच. ही गेली, तर संध्याकाळी हात हलवायचे कुणापुढे?

तो भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत राहिला. काटा बारावर आला आणि पुढे सरकला. भोंगा काही नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात मांजराने कान टवकारले. हेडविकाच्या मांडीत नखं रुतवून त्याने उडी मारली आणि ते थेट कपाटाखाली घुसलं.

हेडविकाने हात वर केला. "वाजतोय."

"कुठे वाजतोय? नव्या घरात बिथरलंय ते."

"बाबा, वाजतोय."

"अगं, कान मला आहेत की तुला?"

हे बोलायला नको होतं, ते त्याचं त्यालाच कळलं. पण ती रागावली नाही. उठून खिडकीशी गेली आणि त्याला बोलावलं. समोरच्या अग्निशमन ठाण्याच्या छपरावरून कबुतरांचा थवाच्या थवा उडाला होता. खाली एक बाई पिशव्या जमिनीवर ठेवून, कानांत बोटं घालून उभी होती.

दाराजवळचा दिवा लुकलुकला. हेडविकाच्या दाराची घंटा वाजत नाही, उजळते. खालच्या मजल्यावरच्या पोलाकोवाबाई पिठाच्या हातांनीच आल्या होत्या.

"कळलं ना गं पोरी? म्हटलं पहिलाच बुधवार, वर जाऊन सांगावं." मग त्या ओटाकरकडे वळल्या. "काय हो हा भोंगा! कानठळ्या बसल्या माझ्या."

ओटाकरला शब्द न शब्द कळला. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. मुलीपायी लागलेली जुनी सवय. घरातलं बोलणं हातांचं, टीव्ही कायम मुका आणि खाली अक्षरं. बियर प्यायला जाणं त्याने कधीच सोडलं होतं, कारण हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

त्याने जाऊन खिडकी सताड उघडली. विहिरीच्या तळातून यावा तसा एक बारीक सूर आला, आणि मग तोही नाही. भोंगा थांबला की आपल्यालाच ऐकू येईनासा झाला, हे त्याला सांगता येईना. कबुतरं परत छपरावर उतरली, तेव्हा त्याला कळलं.

ओटाकर घाबरला. पोलाकोवाबाई कधी गेल्या, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

हेडविका सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती. पैज जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठे नव्हता.

"रात्री वाजला, तर तुला कोण सांगणार?" तिने विचारलं.

हा त्याचाच प्रश्न होता. महिनाभर तो तिच्या मागे लागून हेच विचारत होता. त्याने स्टूल ओढलं आणि पडदे लावले.

स्टुलावरून खाली उतरला तेव्हा दाराशी टोपली तयार होती. आत मांजर.

"हे तुझं मांजर. मी काय करू त्याला?"

"मला पोलाकोवाबाई आहेत."

त्याने टोपली उचलली आणि दोन पायऱ्या उतरला. मग थांबला. बोलायचं तर हात मोकळे हवेत. टोपली पायरीवर ठेवून तो मागे वळला.

"रात्री झोपतं कुठे हे?"

"पायाशी," हेडविका म्हणाली. "खोलीचं दार लावू नकोस."