आर्लिस नोवोत्नी कोणती?

१९९१ सालच्या मार्चमध्ये आर्लिस कुचेराची पेन्शन अचानक थांबली. सरकारी पत्रात कारण दिलं होतं. सरकार ज्यावर माणसाची कमाई नोंदवतं, त्या तिच्याच नंबरावर, आर्लिस नोवोत्नी याच माहेरच्या नावाने आणखी एका बाईने पेन्शन मागितली होती. खरी कोण हे ठरेपर्यंत दोघींनाही पैसे मिळणार नव्हते. जी खोटी ठरेल तिच्यावर खटला होणार होता.

नवरा एमिल जाऊन चार वर्षं झाली होती. आर्लिसचं घर त्या पेन्शनवरच चालायचं.

"नाव चोरलंय तुझं कुणीतरी," तिची धाकटी मुलगी जोलीन म्हणाली. "किती वेळा सांगितलं, ते कार्ड पर्समध्ये घेऊन हिंडू नकोस! आणि चेकवर नंबर छापून घ्यायची काय हौस तुला?"

"दुकानात मागतात गं. दर वेळी कोण लिहीत बसणार?"

"मग दारावरच रंगवून घे ना!"

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य गावी जायला चाळीस मैलांचा रस्ता. जोलीन गाडी चालवता चालवता बोलत होती. जुनी पत्रं फाडून टाक, फोनवर कुणाला जन्मतारीख सांगू नकोस. आर्लिस बाहेरच्या रिकाम्या मक्याच्या शेतांकडे बघत होती. सकाळपासून तिने नुसती कॉफी घेतली होती.

पेन्शनच्या कार्यालयात ड्वाइट प्रुइट नावाचा तरुण अधिकारी बसला होता. दुसरी बाई आधीच आली होती. सडसडीत, चर्चला घालायचा कोट, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. मिसेस हेगन. राज्याच्या पार पश्चिम टोकाहून बसने आली होती. ती पण विधवाच. नवऱ्याच्या मागे सहा वर्षं याच नंबरावर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"रस्ता ठीक होता ना?" मिसेस हेगनने विचारलं.

"हो. वारा होता थोडा."

"आमच्याकडे अजून बर्फ आहे."

"चोर बघ कशी चौकशी करतेय," जोलीन पुटपुटली.

प्रुइटने जन्मतारीख विचारली. दोघींनी एकच सांगितली. आईचं माहेरचं नाव? दोघींनीही स्वोबोदा सांगितलं. मग त्याने कागद मागितले. आर्लिसने मेणकागदात गुंडाळलेला जन्मदाखला आणि पिवळं पडलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. मिसेस हेगनकडे काहीच नव्हतं.

"या नंबरावरची पहिली नोकरी १९४३ सालची, दारूगोळ्याच्या कारखान्यातली," प्रुइट म्हणाला. "युद्धाचे दिवस. जन्मदाखला दाखवल्याशिवाय तिथे दारात उभं करत नसत. म्हणजे हा दाखला तेव्हाच तपासला गेलाय." त्याने पुढची यादी वाचली. लाँड्री, टेलिफोन एक्स्चेंज, इस्पितळाचं स्वयंपाकघर. "एकतीस वर्षं. हे सगळं तुम्हीच केलंत, मिसेस कुचेरा?"

"एकेक दिवस मी केलाय," आर्लिस म्हणाली.

मिसेस हेगनने ती यादी ओढून घेतली आणि बोटाने ओळ न् ओळ वाचली.

"मुलं किती तुम्हाला?"

"तीन. ही धाकटी."

"हिची जीभ कुणावर गेलीय?"

"बापावर."

मिसेस हेगन हसली. यादी परत सरकवत म्हणाली, "लिहा साहेब. नाव यांचंच. मी उगाच वापरत होते."

प्रुइटचं पेन थांबलं. "बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? वकील हवा असेल तर..."

"वकिलाला काय सांगू? कार्ड त्यांचं, कष्ट त्यांचे."

"नाव, जन्मतारीख, आईचं नाव सांगितलं की कार्यालय आधीचाच नंबर देतं. पण ही माहिती तुम्हाला मिळाली कुठून?"

मिसेस हेगन कोटाची बटणं लावू लागली. जोलीनला राहवलं नाही. "कुठून म्हणजे? आजीच्या मृत्यूच्या बातमीतून! आपल्याकडे पेपरात सगळं कुळ छापतात ना, माहेरच्या नावासकट! ते कात्रण आईने अजून जपून ठेवलंय!"

"हो," मिसेस हेगन म्हणाली. "तसंच समजा."

प्रुइटने खाली सही केली. या वयात खटला कशाला, म्हणाला. मिसेस हेगनला नवीन नंबर मिळेल, पण सहा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसणार नाही. आर्लिसची पेन्शन मागच्या महिन्यांसकट सुरू होईल.

आर्लिसने तोंड रुमालात लपवलं आणि ती हमसून रडली. जोलीनने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सुटलीस, आई. संपलं सगळं."

जिना उतरल्यावर आर्लिस थांबली. "मिसेस हेगन, बसला वेळ आहे ना? चला, मांस-राजम्याची गरम चिली खाऊ. इथे दालचिनीचे रोल चांगले मिळतात."

"चोराला जेवण?" जोलीन ओरडलीच.

"भूक लागलीय मला," आर्लिस म्हणाली. "आणि एकटीने जेवायचा कंटाळा आलाय."

त्या दिवशी तिने दोन वाडगे चिली संपवली.

पुढे प्रुइटची बढती होऊन तो राज्याच्या राजधानीत, लिंकनला गेला. एका मृत्यूच्या बातमीवरून केवढी चोरी होऊ शकते, हे तो नव्या लोकांना या प्रकरणावरून शिकवायचा. जोलीनने कागद कातरायचं यंत्र घेतलं आणि चर्चची पत्रकंसुद्धा त्यात घालू लागली. त्याच वर्षी पानगळीच्या सुमारास मिसेस हेगन आर्लिसच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली. चोरालाही घरात घेणाऱ्या आर्लिसच्या मनाचं गावाने फार कौतुक केलं. दोघी अकरा वर्षं एकत्र राहिल्या, बटाटे सोलत, रेडिओच्या आवाजावरून भांडत. २००२ साली मिसेस हेगन गेली. आर्लिसने शेजारीशेजारी दोन जागा घेतल्या आणि कबरीवरचे दगड घडवणाऱ्याला दोन्ही नावं स्वतःच्या हाताने लिहून दिली. चार वर्षांनी तीही गेली.

दफनाला आलेली जोलीन दोन्ही दगडांपुढे बराच वेळ उभी होती. मिसेस हेगनच्या दगडावर 'आर्लिस नोवोत्नी हेगन' होतं, आणि आईच्या दगडावर 'ओपल मे', ओमाहा शहरातल्या अनाथाश्रमाने पायरीवर सापडलेल्या मुलीला ठेवलेलं नाव.