तिन्ही बाटल्यांत एकच आकडा

दोन वर्षांपूर्वी मुग्धाने रामदासपेठेतल्या प्रयोगशाळेत विणकर गल्लीचं सांडपाणी तपासलं, तेव्हा तापाच्या विषाणूचे तीन बाटल्यांत तीन वेगळे आकडे आले. सांडपाण्यात असं होतंच. पण साहेबांनी धोक्याचा इशारा रोखला. म्हणाले, "आकडे जुळले की कळवा."

महिन्याभरात त्या गल्लीतली अकरा माणसं तापाने गेली.

आज तिथल्या तिन्ही बाटल्यांचा आकडा तंतोतंत एकच आला. असं कधी होत नाही. साहेबांनी मात्र इशाऱ्यावर लगेच सही केली.

"संजीव, हे नमुने कुठून घेतले?" मुग्धाने नमुने गोळा करून आणणाऱ्याला विचारलं.

"विणकर गल्लीतूनच, मॅडम. पण तिथं आता कोणीच नाही राहत. उरलेले लोक तवाच घरं सोडून गेले."

"मग पाणी?"

"कुलूप लावलेल्या घरांच्या पायपातून येऊन राहिलं होतं," संजीव म्हणाला. "कोमट होतं."