मोकळे केस

"म्हातारीला दोन वेण्या घालायला सांगा. आणि डोक्याला पिसांचा पट्टा," फोटोवाला म्हणाला.

फिलोमेननं पांढरे केस पाठीवर तसेच मोकळे ठेवले. "पिसं कोंबड्याला शोभतात. ह्याच्याच टकलावर बांधा."

कॅनडातल्या क्री आदिवासींच्या वस्तीचा कारभार बघणारा गोरा साहेब हसला नाही. त्यानं खिशातून वस्तीबाहेर जायच्या परवान्याचा कागद अर्धा वर काढला. फिलोमेननं शहरातल्या छावणीपर्यंत जायला तीनदा अर्ज केला होता, तीनदा तो परत आला होता.

"फोटो झाला की सही," साहेब म्हणाला.

"लेक तर इथंच आलीय. मग छावणीत कशाला?" फोटोवाल्यानं विचारलं.

"छावणी बघायचीय तिला. आईची हौस, दुसरं काय," साहेब म्हणाला.

लेक पुढ्यात गुडघे टेकून बसली होती, अंगात लष्करी पोशाख. गळ्याशी दोन बोटं जातील एवढा सैल.

"छावणीतलं अन्न मानवलेलं दिसत नाही," फोटोवाला पाठीमागून टाचण्या लावत म्हणाला. "बंदूक चालवते का?"

"लष्कराचे कपडे धुते," उत्तर साहेबानंच दिलं.

"बंदूक इथं चालवायची," फिलोमेन म्हणाली. "पळता ससा पाडायची. तुम्ही नेऊन हातात साबण दिलात."

"नाव काय हिचं? पेपरात छापायचंय. क्री माता लेकीला लढाईवर धाडते, असं."

फिलोमेन घाईनं म्हणाली, "लेक. नुसतं लेक लिहा."

"व्हर्जिनी," साहेब म्हणाला.

मायलेकींनी एकदमच माना खाली घातल्या.

"वा! अश्शाच राहा. फक्त त्या वेण्या तेवढ्या..."

फिलोमेननं साहेबाच्या खिशाकडे पाहिलं. मग केसांचे दोन भाग केले. जन्मभर वेण्या घातलेली बोटं आज पेडच विसरत होती. पट्टाही तिनं बांधून घेतला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि फोटो निघाला.

साहेबानं सही केली. "दोनच दिवस. परवा संध्याकाळी परत."

गाडी धूळ उडवत गेली. फिलोमेननं पट्टा फेकला आणि वेण्या ओरबाडून सोडल्या.

"सुतकाचं वर्ष सरायच्या आत घातल्या मी," ती म्हणाली. "घालायला लावल्या मेल्यांनी."

पोरीनं एकेक टाचणी काढली. सदऱ्याची घडी घालून लष्कराकडून आलेल्या खोक्यात जपून ठेवली.

"आये," तिनं विचारलं, "ताईच्या कबरीचा नंबर लिहून दिलाय ना त्यानं?"