ब्राझीलला पाठवलेला पाव्हणा

काल संध्याकाळी दुर्गानं ज्याला ब्राझीलला पाठवलं होतं, तो मच्छिंद्र आज सकाळी वाटूरला तिच्याच ओसरीवर बसून बशीत चहा ओतत होता.

दाराआड पोह्यांची ताटली घेऊन दुर्गा फटीतून त्याच्याकडं बघत होती.

मच्छिंद्र बदनापूरचा. मालवाहू जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. सुपारी फुटली तेव्हाच ठरलं होतं, जहाज हिंदुस्थानाला लागलं की लगीन. आणि जहाज कुठं आहे, हे घरात एकट्या दुर्गालाच कळायचं. ती परतूरला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजशेजारच्या सायबर कॅफेत जहाजाचं नाव टाकलं की नकाशावर ठिपका यायचा. तो बघायचा अन् घरी येऊन बंदर सांगायचं.

सिंगापूर. खरं.

कोलंबो. खरं.

कांडला. म्हणजे गुजरात. म्हणजे हिंदुस्थान.

इथं दुर्गाची जीभ अडली होती. लगीन झाल्यावर शीक, असं वडील थोरल्या बहिणीलाही म्हणाले होते. बहिणीच्या वह्यांवर आता तिच्या लेकरांनी हत्ती काढले होते.

म्हणून खरं जहाज कांडल्याबाहेर नांगर टाकून रांगेत उभं असतानाच घरचं जहाज डर्बनला निघालं.

आणि एकदा निघाल्यावर काय! डर्बनहून केपटाऊन. केपटाऊनला वादळ. वादळातून थेट ब्राझील. खरा ठिपका बघायचंच दुर्गानं सोडून दिलं. तिचे आजोबा कडूबा जन्मात लातूरच्या पलीकडं गेले नव्हते, पण आफ्रिकेच्या टोकाला कुठल्या अंगाला वळायचं हे आता अख्ख्या पाराला सांगत होते. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "कुठवर आलं गं तुझं?" दुर्गाच्या तोंडाला रोज नवा समुद्र यायचा.

आणि तिकडं कांडल्याची रांग मुकाट्यानं पुढं सरकून खरं जहाज धक्क्याला लागलं होतं.

"पाव्हणे," कडूबा म्हणाले, "काल तं तुमी ब्राझीलला व्हते की! आमच्या दुर्गानं कंप्युटरवर पाह्यलं."

मच्छिंद्रनं बशी खाली घेतली. "काल?"

"काल. साखर भरून राह्यल्ते तुमी. मी म्हन्लं, काहून? आपले कारखाने काय झोपले का?"

आईनं मागून ढकललं तशी दुर्गा ओसरीवर आली. ताटली ठेवताना तिनं एकदाच वर पाहिलं. त्या बघण्यात विनवणी होती. थोडी धमकीही होती.

मच्छिंद्रनं पोह्यातला एक शेंगदाणा उचलला. सावकाश चावला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "जहाज तिथंच हाय, मी परवाच इमानानं निघालो. चार दिवसांची सुट्टी देली सायबानं."

"अन् ते केपटाऊनचं वादळ?"

"लय बेक्कार, आबा! स्वैपाक्याचं वरण छताला जाऊन चिकटलं. दोन दिवस वरूनच वाढून घेतलं."

कडूबांनी मांडीवर थाप मारली. मग मच्छिंद्र सुटलाच. एका देवमाशानं जहाजाला पाठ घासून घेतली. डर्बनला एक माकड जहाजावर चढलं अन् कप्तानाची टोपी घालून उतरलं. एवढं तर दुर्गानंही रचलं नव्हतं. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तरी हसू कानांवाटे बाहेर येतंय की काय, असं तिला वाटत होतं.

वडील मात्र हसले नाहीत. रामकिसन कामाचे माणूस. "ते समदं ठीक हाय," ते म्हणाले. "आता आलेच हायत तं चार दिवसांत उरकूनच टाकू."

दुर्गानं ओढणीचा बोळा तोंडातून काढला.

"न्हाई जमायचं, मामा," मच्छिंद्र म्हणाला. "जहाज मधीच टाकून आलोय. ते हिकडं लागल्याबिगर कसं?"

"मंग लागतंय कधी?"

मच्छिंद्रनं रुमालानं हात पुसले.

"ते यांनाच इचारा. कंप्युटर यांच्याकडं हाय."

सगळी तोंडं दुर्गाकडं वळली. लग्नाचं तिला आजवर कुणी काहीच विचारलं नव्हतं. तिची तारांबळ उडाली.

"परीक्षा झाली की," ती बोलून गेली.

"परीक्षा?" कडूबांनी भुवया चढवल्या. "जहाजाची?"

"व्हय आबा," मच्छिंद्र अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "जहाजालाबी पास व्हावं लागतं. नापास झालं तं किनाऱ्याला लावून घेत न्हाईत."

"अन् कवा राहती ती?"

"पुढल्या उन्हाळ्यात," दुर्गा म्हणाली. या वेळी आवाज हलला नाही.

रामकिसननं छपराकडं बघत हिशेब केला अन् मान हलवली. "मंग पुढल्या उन्हाळ्यात."

मच्छिंद्र निघाला. कडूबा त्याला फाट्यापर्यंत सोडायला टोपी शोधत आत गेले, तेवढ्यात तो दाराशी वाकला. बुटाची नाडी बांधता बांधता हळूच म्हणाला, "ब्राझीलला चाललोय. काही आणू का?"

कडूबा अन् तो गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले, तरी दुर्गा दारातच उभी राहिली. पुढचा उन्हाळा इतका लांब कुणी नेऊन ठेवला, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.